मैत्रीण आजारी आहे, आणि फॉर्मवर आमचं नातं बसत नाही

गवतीचहा · ११ मार्च, रात्री ११:५२

एरवी मी इथे कुंडीतल्या टोमॅटोंवर आणि फसलेल्या अनारशांवर लिहिते. आज विषय वेगळा आहे आणि लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

आम्ही पाच जण कराडला एकत्र शिकलो. सोळा वर्षं झाली. त्यातल्या एकीला इथे छोटी म्हणते (गटात सगळ्यात उंच तीच, म्हणून हे नाव). छोटी पुण्यात एकटी राहते. वडील नाहीत. आई परभणीला, गुडघ्यांमुळे जिनासुद्धा उतरत नाही. भाऊ मस्कतला. पाच वर्षांपूर्वी तिला बायपोलर (मनाला कधी उधाण, कधी ओहोटी आणणारा आजार) असल्याचं निदान झालं, त्यावरच्या लिथियमच्या गोळ्या सुरू झाल्या आणि गाडी रुळावर आली. इतकी रुळावर आली की दिवाळीनंतर तिने गोळ्या स्वतःच बंद करून टाकल्या. हात थरथरतो, चारचौघांत चहाचा कप उचलायची लाज वाटते, हे कारण. आम्हाला पत्ता लागला फेब्रुवारीत.

खरं सांगायचं तर पहिला आठवडा आम्हाला मजा आली. पहाटे साडेतीनला गटावर तिचे मेसेज, जुने फोटो, सरांच्या नकला. छोटी परत पूर्वीसारखी झाली असं आम्हीच एकमेकांना म्हणत होतो. याची टोचणी अजून जात नाही.

मग नोकरीचा राजीनामा. मग एक जुनी बुलेट, जी तिला चालवता येत नाही. मग शाळा काढायची म्हणून घर रिकामं करायला घेतलं: कुकर शेजारच्या काकूंना, मिक्सर वॉचमनच्या बायकोला, गाद्या खाली भंगारवाल्याला. हॉलच्या भिंतीवर निळ्या मार्करने वर्गांचा नकाशा, त्यात माझ्या नावाची खोली. झोप दिवसाला दोन तास. मी म्हटलं, जरा डॉक्टरांना फोन करू या, तर म्हणाली, "तू जन्मभर माझ्या उष्ट्या नोट्सवर पास झालीस, तू मला सांगणार?" आजार बोलतोय हे कळतं हो. पण नोट्स मी खरंच तिच्या वापरल्या होत्या.

शेवटी एका रात्री दोन वाजता आम्ही तिघं तिला गाडीत घालून एका रुग्णालयात गेलो. फॉर्मवर 'रुग्णाशी नाते' असा रकाना. मी लिहिलं, मैत्रीण. खिडकीतल्या माणसाने त्यावर काट मारली आणि विचारलं, "रक्ताचं कोण आहे?" भावाला मस्कतला उठवलं, फोनवर बोलणं झालं, झोपेची एक गोळी देऊन घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी भाऊ आला तेव्हा दुसऱ्या ठिकाणी दाखल केलं. दारातून आत जाताना ती माझ्याकडे बघून एकच शब्द बोलली. "फितूर." भावाला बोलावलं म्हणून. आत जायच्या आधी तिने मला ब्लॉकही केलंय.

आज सहावा दिवस. भाऊ येत्या रविवारी परत जाणार, सुट्टी संपली. नंतर आम्हीच. तिच्या खोलीवर पाळीपाळीने झोपायचं ठरतंय, पण दोघांना लहान मुलं आहेत, एक नाशिकला आहे. माझा नवरा विचारतो, किती दिवस? सासूबाई काही बोलत नाहीत, फक्त भाजी जास्त का चिरतेस एवढंच विचारतात.

फोन वाजला नाही की बरं वाटतं. मग बरं वाटलं याचं वाईट वाटतं. कोणी यातून गेलं असेल तर सांगा, मित्रांनी नक्की काय करायचं असतं?

---

सांजवात · ११ मार्च, रात्री ११:५९

पूर्ण वाचलं. सविस्तर उद्या लिहिते. तू आज जेवलीस का नीट?

---

अडकित्ता · १२ मार्च, सकाळी ७:१०

पटलं तर घ्या. हल्ली दोन रात्री जागरण झालं की लगेच बायपोलर. आमच्या वेळी अशा मुलीला आईकडे पाठवायचे, चार महिने घरचं जेवण, लवकर झोप, आपोआप ताळ्यावर. मित्रांनी संसार सोडून हे उद्योग करायचे म्हणजे अति आहे. आणि ती बुलेटची चावी अजून तिच्याकडेच आहे का, ते आधी बघा.

---

गवतीचहा · १२ मार्च, सकाळी ७:३१

@अडकित्ता, आईला दोन जिने उतरता येत नाहीत, ती रात्री दोनला हिच्यामागे धावणार कशी? बाकी चावी तिच्याचकडे होती. तुमच्या प्रतिसादानंतर भावाला फोन करून काढून घ्यायला लावली. त्याबद्दल आभार.

@सांजवात, जेवले. उभ्याने.

---

खडूफळा · १२ मार्च, सकाळी १०:२५

मी मनोविकार विभागात समाजसेवक म्हणून अकरा वर्षं काढली आहेत. डॉक्टर नाही, औषधांवर तिच्या डॉक्टरांचाच शब्द. पण त्या रकान्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे, कारण मीसुद्धा लोकांना 'रक्ताचं कोण' असं विचारलं आहे.

२०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा वेगळं सांगतो. त्यातल्या कलम १४ प्रमाणे कोणीही सज्ञान माणूस आपला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' नेमू शकतो. साध्या कागदावर लिहायचं, खाली सही किंवा अंगठा. ज्याला नेमलं त्यानेही तयारी लेखी कळवायची. तो नातेवाईकच हवा अशी अट नाही. मैत्रीण चालते, शेजारी चालतो. कोणालाच नेमलेलं नसेल तर मात्र क्रम लागतो आणि त्यात नातेवाईक वर येतात. म्हणजे तुमच्या बाबतीत घोळ झाला तो छोटी बरी असताना हा कागद केला नव्हता म्हणून. अर्थात कोण करतं? मृत्युपत्रासारखंच, ज्याला त्याला ते दुसऱ्याचं काम वाटतं.

रुग्ण नाही म्हणत असेल तर दाखल करायचा अर्ज या प्रतिनिधीने करायचा असतो. दोघांनी स्वतंत्रपणे तपासून तशी गरज आहे म्हटलं पाहिजे, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ. हे दाखल करणं तीस दिवसांपर्यंतचं, पुढे वाढवायचं तर पुन्हा तपासणी. आणि जीवाला धोका असेल, तिच्या किंवा दुसऱ्याच्या, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर बहात्तर तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो. प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची, नसेल तर त्याच्यावाचून अडून बसायचं नाही. ही कलम ९४ची तरतूद. त्या रात्री खिडकीवर बसलेल्याला ती माहीत नसणार. डॉक्टरलाच भेटायचं आहे असा हट्ट धरायचा असतो, खिडकीशी वाद घालायचा नसतो.

दुसरं. डॉक्टर तुम्हाला तिची माहिती देणार नाहीत, ते बरोबरच आहे. पण तुम्ही सांगितलेलं ऐकायला त्यांना कोणी अडवलेलं नाही. एका कागदावर तारखा लिहून द्या: गोळ्या कधी सुटल्या, झोप किती, पैसे किती गेले, काय बोलते. 'विचित्र वागते' असं लिहू नका. 'तीन रात्री मिळून पाच तास झोपली, मंगळवारी राजीनामा दिला' असं लिहा. असा कागद आला की आमचं अर्धं काम होतं.

तिसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. उधाण ओसरलं की बऱ्याचदा ओहोटी येते. घरी आल्यावर भिंतीवरचा नकाशा, बँकेचा मेसेज, राजीनाम्याचा स्वीकार, सगळं एकदम दिसतं. लोकांना वाटतं शांत झाली, सुटलो. तेव्हाच जवळ असायचं. जगावंसं वाटत नाही असं मनात येतं का, हे सरळ शब्दांत विचारायचं. विचारल्याने डोक्यात भरतं ही समजूत चुकीची आहे, विचारल्यावर माणसं सुटल्यासारखी रडलेली मी पाहिली आहेत. गोळ्या आठवड्याच्याच घरात ठेवा, बाकीच्या तुमच्यापैकी कोणाकडे. आणि तुम्हाला स्वतःला रात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. तो फक्त रुग्णांसाठी नाही. प्रसंग हाताबाहेर जातोय असं वाटलं तर १०८ किंवा ११२.

---

बारक्या · १२ मार्च, दुपारी १:४०

रुमाल टाकून ठेवतो. माझ्या भावाच्या मित्रांनाही हा धागा पाठवतोय.

---

मीनल_एडिसन · १२ मार्च, संध्या. ६:०५

लांब राहणाऱ्यांची एक सोय सांगते. आमच्याही गटात एकाचं असंच झालं होतं, मी न्यू जर्सीत, मला फार अपराधी वाटायचं. मग लक्षात आलं की पुण्यात रात्रीचे दोन म्हणजे माझ्याकडे दुपारचे साडेतीन-साडेचार, मी टक्क जागी. रात्री एक ते पाच फोन घ्यायचा तो मी. पुण्यातल्यांनी फोन खुशाल बंद करून झोपायचं, खरंच गरज असेल तर मी त्यांच्या लँडलाइनवर वाजवायचं. चार महिन्यांत मी दोनदाच वाजवलं.

त्याला बरंच काही बोलायचं असायचं, मी कपड्यांच्या घड्या घालत ऐकायचे. मधूनमधून "हं" म्हणायचं. त्याच्या भव्य योजना खोडून काढायच्या नाहीत, त्यांना होकारही द्यायचा नाही. "उद्या दुपारी बोलू यावर" हे माझं ठरलेलं वाक्य.

विम्याचे कागदही मीच भरले. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विम्याचं संरक्षण द्यायचं असं तोच कायदा सांगतो, तेव्हा 'हे बसत नाही' असं तोंडी उत्तर मिळालं तर लेखी मागा.

---

सांजवात · १२ मार्च, रात्री ९:१५

कालचं राहिलेलं लिहिते. माझी बहीण आजारी होती तेव्हा घरी येणारे दोन प्रकारचे होते. एक, सोफ्यावर बसून "आता कसं वाटतंय?" विचारणारे. दुसरी फक्त एक होती, तिची शाळेतली मैत्रीण. ती यायची, चपला काढायची, थेट ओट्यापाशी जाऊन साठलेली भांडी घासायला घ्यायची. बहीण आतून ओरडायची, "तुला कोणी सांगितलंय?" ती म्हणायची, "गप गं, मला पाण्यात हात घालायला आवडतं." पंधराएक दिवसांनी बहीण उठून तिच्याशेजारी फडकं घेऊन उभी राहिली. बोलणं तेव्हाही भांड्यांवरच.

आणि बरं वाटलं म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. मला बहिणीच्या दाखल होण्याच्या रात्री जी झोप लागली तशी लग्नानंतर कधी लागली नव्हती.

---

पलीकडचा · १३ मार्च, रात्री १२:२०

या आयडीने पहिल्यांदाच लिहितोय, कारण समजेलच. मी छोटीच्या जागी होतो. दोनदा.

'फितूर' या शब्दावर सांगतो. मला त्या दिवसांतलं बरंच आठवतं. लोकांना वाटतं आठवत नाही. मी माझ्या जिवलग मित्राला जिन्यात सगळ्यांसमोर जे बोललो ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. तेव्हा ते मला शंभर टक्के खरं वाटत होतं. माझं डोकं इतकं स्वच्छ, इतकं वेगात चाललं होतं, आणि हा माणूस येऊन म्हणतोय की तू आजारी आहेस. उडत्या माणसाला कोणी पायाला धरून खाली ओढलं तर तो लाथ मारणारच.

नंतर सहा महिने मी त्याला फोन केला नाही. राग म्हणून नाही, लाज म्हणून. त्याला वाटलं मी अजून चिडलेलो आहे. दोघंही फोनकडे बघत बसलो होतो. शेवटी त्याच्याकडून एक फोटो आला, आम्ही नेहमी जायचो त्या टपरीने पाटी बदलली होती आणि त्यात 'इडली'चं 'ईडली' झालं होतं. बाकी एक शब्द नाही. त्यावर मी शुद्धलेखनाचा नियम पाठवला. सुरू झालं परत.

तेव्हा माफी मागायला लावू नका. 'तू मला काय काय बोललीस' याची यादी तर अजिबात काढू नका, तिच्याकडे ती तयार आहे.

थरथरणाऱ्या हाताबद्दल. हे बाहेरून किरकोळ वाटतं. माझं अक्षर गेलं होतं, चेकवरची सही जुळायची नाही. पण हे डॉक्टरांना सांगितलं तर मात्रा बदलता येते, वेळ बदलता येते, थरथर कमी करणारं औषधही असतं. मी सांगितलंच नव्हतं, परस्पर बंद केलं. लिथियम एकदम तोडलं की आजार उसळून वर येतो, हे मला दुसऱ्यांदा दाखल झाल्यावर कळलं. आता ठरावीक महिन्यांनी रक्तातलं प्रमाण, थायरॉइड आणि किडनीची तपासणी करतो. अंगदुखीला दुकानातून आयबुप्रोफेनसारखी गोळी आणून खात नाही, त्याने लिथियमचं प्रमाण चढतं. जुलाब-उलट्या झाल्या तर ताबडतोब डॉक्टरांना फोन.

आणि आमचा एक करार आहे. मी बरा असताना, माझ्याच अक्षरात. सलग दोन रात्री चार तासांपेक्षा कमी झोपलो तर मित्राने डॉक्टरांना फोन करायचा, मला विचारायचं नाही. क्रेडिट कार्ड त्याच्याकडे द्यायचं. मी तेव्हा त्याला काहीही म्हणालो तरी ते धरायचं नाही. खाली सही आहे, त्या थरथरत्या हाताची. खडूफळा म्हणतात तो प्रतिनिधीचा कागद आम्ही नंतर केला, पण आमच्यासाठी खरा कागद हा.

---

अडकित्ता · १३ मार्च, सकाळी ६:५५

@पलीकडचा, वाचलं. दोनदा वाचलं. मी वर 'आपोआप ताळ्यावर' लिहिलं ते राहू दे तिथे, खोडत नाही. पण आमच्या एका मावसभावाला असंच गावी पाठवलं होतं. तो ताळ्यावर आला नव्हता, एवढं खरं तर मला माहीत होतं.

---

खडूफळा · १३ मार्च, सकाळी ९:४०

@पलीकडचा, असा करार आमच्या विभागात मी लोकांकडून करून घ्यायचो, पण 'मला विचारायचं नाही' हे वाक्य कोणी इतक्या सरळ लिहिलेलं पाहिलं नव्हतं. परवानगी असेल तर वापरतो. (कायद्यात पुढच्या आजारपणात कोणते उपचार हवेत, कोणते नकोत हे आधी लिहून ठेवायचीही सोय आहे. पण ती वेगळी, तिची रीत रुग्णालयात विचारून घ्या.)

---

दगडीपाटा · १३ मार्च, रात्री १०:३०

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

आमचा मित्र राहिला नाही. नऊ वर्षं झाली. आम्ही पण सहा जण होतो, आमचाही गट होता, पाळ्या होत्या. जे वर लोकांनी लिहिलंय त्यातलं बरंचसं आम्ही केलं होतं. काही केलं नव्हतं. त्या 'काही'चा हिशेब मी नऊ वर्षं मांडतोय आणि तो दर वेळी वेगळा येतो.

गवतीचहा ताई, तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. आमच्यात नंतर जे झालं ते सांगायचं होतं. आम्ही सहाचे पाच झालो आणि मग पाचांचं बोलणं बंद झालं, कारण प्रत्येकाला वाटायचं दुसऱ्याला काहीतरी माहीत होतं. तुम्ही चौघं आत्ताच एकमेकांशी बोलून ठेवा. तिच्याबद्दल नाही, तुमच्याबद्दल. कोण दमलंय, कोणाला जमत नाहीये. आमच्यात एक जण दमला होता, त्याला ते सांगायची लाज वाटली.

---

सांजवात · १३ मार्च, रात्री १०:४४

दगडीपाटा, वाचलं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, वाटलं तर बघा.

---

गवतीचहा · १५ मार्च, रात्री ११:२०

सगळ्यांचे प्रतिसाद गटावर टाकले. दगडीपाटांचा वाचून आम्ही चौघांनी व्हिडिओ कॉल केला. नाशिकवाला म्हणाला, मी सांगतो कोण दमलंय, मी. इथून काही करता येत नाही याने दमलोय. त्याला रात्रीचा फोन दिला, मीनलच्या पद्धतीने. त्याला तसंही झोप येत नाही, त्याचं बाळ पाच महिन्यांचं आहे. मी बुधवार आणि शनिवार घेतले. बाकीच्या दिवशी मी फोन उचलणार नाही असं मोठ्याने म्हणाले. कोणी काही बोललं नाही. सगळ्यांनी पटापट आपापले वार सांगितले फक्त.

तारखांचा कागद केला, पाठपोट भरला. भावाने डॉक्टरांना दिला. डॉक्टरांनी विचारलं म्हणे, हे कोणी लिहिलं? तो म्हणाला, तिची मैत्रीण. त्यांनी तो फाइलला लावून घेतला.

---

बारक्या · २८ मार्च, दुपारी ३:००

काही खबरबात? छोटी कशी आहे?

---

गवतीचहा · २ एप्रिल, रात्री १०:१५

घरी येऊन आठ दिवस झाले. लिथियम परत सुरू, सोबत आणखी एक गोळी जिने ती दिवसा पेंगते. फार बोलत नाही. भिंत रंगवून द्यायची का असं आमच्या गटातल्या संगमनेरवाल्याने विचारलं तर म्हणाली, राहू दे इतक्यात. खडूफळांनी सांगितलेला प्रश्न मी शनिवारी विचारला. वांग्याच्या फोडी करता करता, तिच्याकडे न बघता. बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "येतं मनात. करणार नाही. पण येतं." ते तिच्या परवानगीने सोमवारी डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा मी बाहेर बाकावर होते. गोळ्यांचा डबा माझ्याकडे आहे, दर शनिवारी सात दिवसांच्या मोजून देते.

राजीनामा ऑफिसने अजून पुढे सरकवलेला नाही, तिच्या साहेबांनी स्वतःहून थांबवून ठेवला होता. बुलेट भावाने तोट्यात विकली.

'फितूर'वर एक अक्षर झालं नाही. ब्लॉक मात्र काढलं. कसं कळलं, तर काल दुपारी मेसेज आला: "माझा मिक्सर कुठाय?"

आता पंचाईत अशी की मिक्सर वॉचमनच्या बायकोकडे आहे आणि तिने त्यावर इडलीच्या पिठाचा धंदा सुरू केलाय. सोसायटीत रोज तीन किलो जातं. परत मागायचा की छोटीला नवा घ्यायचा, यावर गटात उभे दोन तट पडलेत.

---

अडकित्ता · ३ एप्रिल, सकाळी ६:४०

नवा घ्या. चौघांत वर्गणी काढा. आणि पीठ तिच्याकडूनच विकत घ्या.

---

पलीकडचा · ३ एप्रिल, सकाळी ८:०२

'ईडली' लिहिलंय का तिने पाटीवर, तेवढं बघून सांगा.